ऑनलाइन थेरपिस्ट, पण आपल्याच राज्याचा: कसा शोधलात? (अनुभव धागा)

सुरळीचीवडी (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

एडिसनला असताना माझी एक थेरपिस्ट होती. साडेतीन वर्षं, दर गुरुवारी दुपारी, व्हिडिओवर. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. त्यामुळे नवऱ्याची नोकरी सनीव्हेलला आली तेव्हा 'काय काय सोडून जायचंय' या यादीत तिचं नाव घालायचं मला सुचलंच नाही. लॅपटॉप तिथे उघडला काय नि इथे उघडला काय! तिला सांगितलं तर ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, तू न्यू जर्सी सोडलंस की मला तुझी सत्रं घेता येणार नाहीत.

मला आधी वाटलं, हिला मी नकोशी झाले. (असं वाटणं हेच तर माझं दुखणं, पण ते असो.) खरं कारण वेगळंच निघालं. इथे थेरपीचं लायसन्स राज्यवार असतं, आणि सत्र चालू असताना पेशंट ज्या राज्यात बसलाय त्या राज्याचं लायसन्स लागतं. तिच्याकडे होतं न्यू जर्सीचं एलसीएसडब्ल्यू (क्लिनिकल सोशल वर्करचं लायसन्स). कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये जुन्या पेशंटसाठी सलग ३० दिवसांची सवलत सुरू केली. तिने इथल्या लायसन्स देणाऱ्या बोर्डाला आधी कळवलं आणि आम्हाला चार गुरुवार मिळाले. मग संपलं.

त्याला आता तीन महिने होतील. रोज रात्री इथल्या थेरपिस्टांची यादी उघडते, हसरे फोटो बघते, बंद करते. म्हणून हा धागा. कोणी कसा शोधला, कुठे अडलात, पैसे किती गेले, भाषेचं काय केलंत, जे असेल ते लिहा. फसलेले अनुभव तर नक्की लिहा.

आणि कोणाला आत्ता या घडीला जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर धागा वाचत बसू नका. अमेरिकेत ९८८, भारतात १४४१६. दोन्हीकडे दिवसरात्र कोणीतरी फोन उचलतं.

बिनसाखरेचा (नेपरव्हिल, इलिनॉय)

बाबा मिरजेला असताना गेले. मी पोचलो तिसऱ्या दिवशी. परत आल्यावर चार-पाच महिने सगळं ठीक होतं, मग एकदा मीटिंगमध्ये कोणीतरी सहज विचारलं 'एव्हरीथिंग ओके?' आणि मला बोलताच येईना.

आयटीतला माणूस, एक्सेल उघडलं. विमा कंपनीच्या संकेतस्थळावरून माझ्या योजनेतले १९ थेरपिस्ट उतरवले. सात नंबर बंद किंवा भलत्याच ठिकाणचे. पाच जण नवीन पेशंट घेत नव्हते. एक बाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, त्यांनीच फोन उचलून सांगितलं, वर मला धीरही दिला. खरं तर त्या दिवशीची थेरपी तीच. बाकीच्यांनी फोन परत केलाच नाही. अशा याद्यांना इकडे 'घोस्ट नेटवर्क' म्हणतात हे नंतर कळलं.

मग कंपनीच्या ईएपीतून (कर्मचाऱ्यांसाठीची मदत योजना) सहा सत्रं फुकट मिळाली. माणूस चांगला होता. पण सहाव्या सत्राला मी कुठे बाबांच्या शेवटच्या फोनपर्यंत पोचलो होतो आणि वेळ संपली. तो माझा विमा घेत नव्हता. हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं: सहानंतर काय? जो ईएपीतही आहे आणि तुमच्या विम्यातही आहे, तोच धरा.

दुसऱ्या खेपेला फोन सोडले, ईमेल केले. चारच ओळी. मी इलिनॉयमध्ये राहतो. अमुक विमा आहे. संध्याकाळी सहानंतरची वेळ हवी. वडील गेले त्याबद्दल बोलायचं आहे, घ्याल का? मंगळवारी आठ जणांना पाठवले, शुक्रवारपर्यंत तिघांची उत्तरं आली. तिन्ही नावं राज्याच्या लायसन्स शोधात टाकून बघितली (आमच्याकडे आयडीएफपीआर या राज्याच्या लायसन्स खात्याच्या साइटवर फुकट दिसतं: लायसन्स चालू आहे का, कधी संपतं, काही कारवाई झाली आहे का). एकाचं नाव सापडलंच नाही. स्पेलिंग बदलून बघितलं, तरी नाही. त्याला उत्तर दिलं नाही. उरलेल्या दोघांतल्या एका बाईंकडे गेलं वर्षभर जातोय. कोपे, म्हणजे दर सत्राला माझ्या खिशातून जाणारा वाटा, २५ डॉलर.

मीठमोहरी (ॲटलांटा)

एवढा खटाटोप कशाला? मी पुण्याच्या एका ताईंशी व्हॉट्सॲपवर बोलते, मराठीत, सत्राचे बाराशे रुपये. इथल्या कोपेपेक्षा स्वस्त. लायसन्स-बियसन्स मी विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. काय बिघडलं?

हळदीचंबोट (डॅलस)

@मीठमोहरी, मी याच धंद्यात आहे, टेक्सासची एलपीसी (लायसन्स असलेली काउन्सेलर), म्हणून लिहिते. रागावू नका.

बिघडत नाही तोवर काहीच बिघडत नाही. त्या ताई उत्तम असतीलही. पण तुम्ही बसलाय जॉर्जियात, आणि तिथे थेरपी द्यायची तर बहुतेकांना जॉर्जियाचं लायसन्स हवं. उद्या तुमच्या गोष्टी त्यांनी बाहेर बोलल्या, तर तक्रार कुठे करणार? आणि एखाद्या रात्री तुमचं फार बिनसलं तर पुण्यातून त्या तुमच्या दाराशी मदत कशी धाडणार? आम्ही प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला 'आत्ता कुठे बसलाय, पत्ता काय' असं विचारतो ना, ते लायसन्ससाठी असतं आणि याच्यासाठीही. पेशंट वैतागतात. एका आजोबांनी मला 'पोस्टमन' नाव ठेवलंय.

दुसरं, नावापुढची अक्षरं बघून घाबरू नका. एलपीसी, एलसीएसडब्ल्यू, एलएमएफटी (विवाह आणि कुटुंब थेरपिस्ट) हे सगळे मास्टर्स करून, मग काही हजार तास देखरेखीखाली काम करून लायसन्स मिळवलेले. सायकॉलॉजिस्ट म्हणजे डॉक्टरेट. गोळ्या लागणार असतील तर सायकायट्रिस्ट. 'असोसिएट' लिहिलेलं दिसलं की लोक पुढे सरकतात, तसं करू नका. ते अजून तास पूर्ण करत असतात (आमच्याकडे ३,०००), त्यांच्या प्रत्येक केसवर एका अनुभवी माणसाची नजर असते, आणि फी बरीच कमी असते. मी असोसिएट असताना जितका अभ्यास करून सत्राला बसायचे तितका आता करत नाही, हे आपल्यात.

'कोच' ही मात्र पदवी नाही. उद्या तुम्हीही होऊ शकता.

मीठमोहरी (ॲटलांटा)

रागावले नाही. पण इंग्रजीत मला 'जीव घाबरा होतो' सांगता येत नाही, त्याचं काय?

हळदीचंबोट (डॅलस)

त्याचं उत्तर माझ्याकडेही पूर्ण नाही. मला मराठी येतं, पण मी जॉर्जियातल्या कोणाला घेऊ शकत नाही. दर महिन्याला दोन-तीन तरी मराठी ईमेल दुसऱ्या राज्यांतून येतात आणि मी 'नाही' लिहून पाठवते.

कोरडीभेळ (इंडियाना, मास्टर्सचं दुसरं वर्ष)

माझा किस्सा. युनिव्हर्सिटीत काउन्सेलर फ्री आहे. पहिल्या सेमला पॅनिक अटॅक यायला लागले, गेलो, मस्त चाललं होतं. मे २०२४ मध्ये इंटर्नशिपला सिअ‍ॅटलला गेलो. पहिल्या आठवड्यात झूम लावला, काउन्सेलरने विचारलं कुठे आहेस, मी आनंदाने खिडकीतून माउंट रेनियर दाखवला. ती म्हणाली सॉरी, आपल्याला इथेच थांबावं लागेल. दहा मिनिटांत कॉल संपला. डोंगर दाखवायला नको होता असं वाटलं, पण तिने तिचं लायसन्स का धोक्यात घालावं?

नंतर कळलं की सायपॅक्ट नावाचा राज्याराज्यांतला करार आहे. ४० हून जास्त राज्यं त्यात आहेत. त्यातल्या एका राज्यातला सायकॉलॉजिस्ट कराराची परवानगी काढून दुसऱ्या राज्यातल्या पेशंटला ऑनलाइन बघू शकतो. पण फक्त सायकॉलॉजिस्ट! माझी काउन्सेलर त्यात बसत नव्हती. इंडियाना आणि वॉशिंग्टन दोन्ही करारात होती म्हणून मी मुद्दाम असा सायकॉलॉजिस्ट शोधला की ऑगस्टमध्ये परत आलो तरी तोच चालेल. कराराच्या साइटवर नाव टाकून परवानगी चेक करता येते, मी केली. @सुरळीचीवडी ताई, मी यादी बघितली तेव्हा कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नव्हती, त्यामुळे तुम्हाला याचा उपयोग नाही बहुतेक. सॉरी.

पुरणयंत्र (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते.

मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. विमा नवऱ्याच्या कंपनीचा. थेरपिस्ट शोधायला मला फारसा त्रास झाला नाही, यादीत 'साउथ एशियन' आणि 'हिंदी' निवडलं, चार नावं आली, दुसऱ्या नावाशी जमलं. गुजराती बाई, एलएमएफटी. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत आणि घरात एकच हॉल आहे, एवढं सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. एखाद्या अमेरिकन बाईला त्या एका वाक्यासाठी दोन सत्रं लागली असती.

घरात बोलायची सोय नव्हती. 'लायब्ररीत जाऊन येते' म्हणून निघायचे आणि लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलायचे. उन्हाळ्यात काचा बंद करून. मागच्या सीटवर कोथिंबीर सुकायची.

तिसऱ्या महिन्यात घरी पत्र आलं. विमा कंपनी प्रत्येक बिलानंतर 'एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स' पाठवते आणि ते विमा ज्याच्या नावावर त्याला जातं. दुपारची पोस्ट सासरे आणतात. त्यांनी उघडलं, वाचलं आणि जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, "हे सायकोथेरपी काय आहे? कोणाला काय झालंय?"

त्या संध्याकाळी काय झालं ते इथे नको. नवरा वाईट नाही, एवढंच लिहिते.

नंतर थेरपिस्टनेच सांगितलं की कॅलिफोर्नियात १ जुलै २०२२ पासून कायदा आहे: मानसिक उपचारांसारख्या नाजूक गोष्टींची कागदपत्रं विमा कंपनीने थेट ज्याचे उपचार त्यालाच पाठवायची, विमाधारकाच्या परवानगीची गरज नाही. आपण 'कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन'चा अर्ज करून स्वतःचा ईमेल किंवा वेगळा पत्ता द्यायचा. विमा कंपनीच्या खात्यात एक पानी फॉर्म होता. पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं मी पहिल्या दिवशी दिली असती तर! (कंपनी विम्याचे पैसे स्वतःच भरत असेल, म्हणजे 'सेल्फ-फंडेड' योजना असेल, तर राज्याचा हा कायदा लागत नाही. तरीही अर्ज करता येतो, पण त्यांचे नियम आधी विचारून घ्या.)

बायांनो, शोधायला सुरुवात करण्याआधी पत्र कोणाच्या हातात पडणार ते बघा.

दीडशहाणा (रॅली, नॉर्थ कॅरोलिना)

माझं उलटं मत. मी मुद्दाम भारतीय नसलेला शोधला. आमच्याकडे मंडळ छोटं. गणपतीत मोदकांच्या रांगेत पुढे आपली थेरपिस्ट उभी, हे मला झेपलं नसतं. त्या गोपनीयता पाळतील हो, पण मी पाळू शकलो नसतो, माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

माझा माणूस विमा घेत नाही. सत्राचे १६० डॉलर. महिन्याच्या शेवटी तो 'सुपरबिल' (सत्रांची तपशीलवार पावती) देतो, ते मी विमा कंपनीकडे पाठवतो आणि डिडक्टिबल (विम्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम) संपल्यावर ६० टक्के परत येतात. आधी विम्यात 'आउट ऑफ नेटवर्क', म्हणजे यादीबाहेरच्या थेरपिस्टची, सोय आहे का ते फोन करून विचारा, सगळ्यांत नसते. खिशातून भरणार असाल तर २०२२ पासून त्यांनी अंदाजे खर्च लेखी द्यावा लागतो. मागा. लाजू नका, भाजी घेताना लाजतो का आपण?

ॲपवाल्यांबद्दल एकच. २०२३ मध्ये एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी अमेरिकन सरकारी संस्था) एका बड्या थेरपी ॲपला ७८ लाख डॉलर भरायला लावले, लोकांची माहिती जाहिरातींसाठी पुरवली म्हणून. तेव्हापासून मी ॲप टाळतो. ज्यांना चाललं त्यांना चालो.

वऱ्हाडीठेचा (अकोला)

तुमचं राज्य-राज्य वाचून गंमत वाटली. इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद दिल्लीच्या आरसीआयकडे (रिहॅबिलिटेशन कौन्सिल), अख्ख्या देशासाठी एकच. माझा भाऊ अकोल्यातून पुण्याच्या बाईंशी बोलतो, उद्या इंदूरला गेला तरी त्याच चालतील.

पण आमचा घोळ वेगळा. 'काउन्सेलर' अशी पाटी कोणीही लावतं. भावाला आधी एका 'माइंड हीलर'कडे नेलं होतं. अकरा हजारांचं पॅकेज, आणि सल्ला काय, तर पहाटे उठ आणि मोबाइल सोड. नंतर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, मराठीत बोलले, फुकट, आणि त्यांनीच सांगितलं की आधी सायकायट्रिस्टला दाखवा. आता ऑनलाइन कोणीही असो, आम्ही आरसीआयचा सीआरआर (नोंदणी) नंबर मागतो आणि साइटवर तपासतो. खरा माणूस नंबर मागितल्यावर चिडत नाही. 'माइंड हीलर' चिडला होता.

सुरळीचीवडी (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते. @बिनसाखरेचा, तुमच्या चार ओळी जशाच्या तशा उचलल्या, फक्त वडिलांच्या जागी माझं घातलं. सहा जणींना पाठवल्या. दोघींची उत्तरं आली. @पुरणयंत्र, फॉर्म आधी भरला, मग पहिली वेळ घेतली. @हळदीचंबोट, ती असोसिएट आहे, एलएमएफटीच्या वाटेवरची. बोर्डाच्या साइटवर नोंदणी बघितली. सत्राचे ७० डॉलर. मराठी नाही, पंजाबी आहे. 'हुरहूर' म्हणजे काय ते मी तिला वीस मिनिटं सांगत होते, आणि सांगता सांगता मलाच थोडं कळलं.

पहिल्या सत्राला तिने विचारलं, आत्ता कुठे आहात, पत्ता सांगा. मी सवयीने एडिसनचा सांगून टाकला, झिपकोडसकट. ती टाइप करता करता थांबली. तिचा चेहरा बघून मला एकदम कळलं की आता हीसुद्धा कॉल बंद करणार. घाईघाईने म्हटलं, नाही नाही, सनीव्हेल, सनीव्हेल, खिडकीतून शेजाऱ्यांचं लिंबाचं झाड दिसतंय, फेब्रुवारीत लिंबं लगडलीत.

ती म्हणाली, मग न्यू जर्सी नक्कीच नाही.