मदत हवी आहे: पुण्याच्या उन्हाळ्यात टिकणारं शेवाळ निवडायचंय

नमस्कार मंडळी, मी कोथरूडला राहते आणि पाषाण तलावाच्या पाण्यातलं हिरवं सूक्ष्म शेवाळ गच्चीवर पारदर्शक बरण्यांमध्ये वाढवतेय. मायक्रोस्कोपखाली गोल गोल पेशी दिसतात, बहुतेक क्लोरेला (एकपेशी हिरवं शेवाळ) असावं. एक किलो सुकं शेवाळ तयार होताना साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड ओढला जातो, शिवाय सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरसही ते खातं, आणि मुळा-मुठेची अवस्था रोज बघतो ना आपण, म्हणून मला हे मनापासून करायचंय.

अडचण अशी की एप्रिल-मेमध्ये बरणीतलं पाणी ४० अंशाच्या आसपास जातं आणि कल्चर पिवळं पडून बसतं. क्लोरेला सोरोकिनियाना ही जात एवढी उष्णता सोसते, म्हणजे स्थानिक पाण्यातही असं काही सापडायला हवं. क्लोरेलात संकर करता येत नाही, पेशी नुसत्या विभागतात, त्यामुळे तगलेल्यातून निवड करत जाणं हाच मार्ग दिसतो. (क्लॅमिडोमोनास या दुसऱ्या हिरव्या शेवाळात नायट्रोजन तोडला की प्लस आणि मायनस अशा दोन प्रकारच्या पेशी जुळतात, तिथे संकर जमतो.)

तर विचारायचं होतं, बीजी-११ माध्यमात (शेवाळाला लागणाऱ्या क्षारांचं द्रावण) आगार-आगार पावडर घालून ते प्लेटवर घट्ट केलं आणि शेवाळ वेगळं करायला त्यावर रेघा ओढल्या तरी बॅक्टेरिया सोबत येतातच, ते घरच्या घरी कसे काढायचे? आणि तापमान एकदम वाढवू की दर पिढीला एकेक अंश? रोटिफर (शेवाळ खाणारे सूक्ष्म जलचर) शिरले तर काय करता? पुण्यात कुणी मायक्रोबायोलॉजी किंवा बॉटनीवालं असेल तर प्लीज सांगा, नमुने घेऊन मी येईन.