मदत हवी आहे: ॲनालिटिक्स लावलेल्या संकेतस्थळाच्या प्रायव्हसी पॉलिसीत नेमकं काय लिहायचं?

मंडळी, लेखांचं एक छोटंसं संकेतस्थळ चालवतो. विक्री नाही, लॉगिन नाही. संपर्काचा फॉर्म आणि नवे लेख ईमेलने मिळवायची नोंदणी, बस. कोण काय वाचतं ते कळावं म्हणून गूगल ॲनालिटिक्स लावलंय, आणि वाचक कुठपर्यंत स्क्रोल करतात, कुठे क्लिक करतात ते बघायला मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी. प्रायव्हसी पॉलिसीचं पान थीमसोबत आयतं आलं. त्यातलं पहिलंच वाक्य: 'आम्ही आपली कोणतीही माहिती गोळा करत नाही.' दोन-दोन ट्रॅकर चालू असताना हे ठेवणं बरं दिसत नाही, पण त्याजागी काय लिहावं ते सुचत नाहीये.

ॲनालिटिक्समध्ये वाचकाचं नावगाव दिसत नाही, नुसते आकडे. तरी पॉलिसी लागते का, की ते झेंगट फक्त वस्तू विकणाऱ्यांच्या मागे? दुसरं, खाली कुकीच्या (संकेतस्थळ ब्राउझरमध्ये ठेवतं त्या छोट्या नोंदीच्या) संमतीची पट्टी येते, 'मान्य' आणि 'अमान्य'. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून पाहिलं, तर एकही बटण दाबायच्या आत गूगल ॲनालिटिक्सची 'अंडरस्कोर जीए' (_ga) कुकी येऊन बसलेली! मग ती पट्टी करते तरी काय? वाचकांत युरोपात राहणारेही बरेच आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद: आगंतुक

पॉलिसी लागतेच. कायदे घटकाभर बाजूला ठेवा. खातं उघडताना गूगल ॲनालिटिक्सच्या ज्या अटींना आपण न वाचता हो म्हणतो, त्यातच ते लिहिलंय. पॉलिसी ठेवा, कुकी वापरतो हे सांगा, ॲनालिटिक्स वापरतो आणि ते माहिती कशी गोळा करतं हे सांगा. शेवटच्या भागासाठी गूगलचं स्वतःचं पान आहे, त्याची लिंक दिलीत तरी भागतं. क्लॅरिटीच्या अटीही तशाच, त्यामुळे तिचाही उल्लेख हवा.

नावगाव दिसत नाही यावर जाऊ नका. त्या कुकीत एक क्रमांक असतो आणि मुळात ती दोन वर्षं टिकते. तोच ब्राउझर परत आला की ओळखला जातो. युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात असा ऑनलाइन ओळखक्रमांकही वैयक्तिक माहितीतच धरला जाऊ शकतो.

आणि लिहायला बसण्याआधी एक तपासा. संपर्काचा फॉर्म भरून पाठवा आणि पुढे येणाऱ्या 'धन्यवाद' पानाचा पत्ता (यूआरएल) नीट वाचा. काही फॉर्म भरलेला ईमेल थेट त्या पत्त्यातच चिकटवतात. तसं असेल तर तो ईमेल पानाच्या पत्त्यासकट ॲनालिटिक्सकडे जातो, आणि ओळख पटेल अशी माहिती पाठवायला अटींत साफ मनाई आहे. हे पॉलिसीत लिहून निस्तरत नाही, फॉर्मच दुरुस्त करावा लागतो.

प्रतिसाद: शून्यातीत

पट्टीबद्दल: तुमची पट्टी सध्या शोभेची आहे. युरोपच्या ई-प्रायव्हसी नियमानुसार अत्यावश्यक नसलेली कुकी वाचकाच्या यंत्रावर ठेवण्याआधी संमती लागते, ठेवल्यानंतर नव्हे. १ ऑक्टोबर २०१९ च्या प्लॅनेट४९ या कंपनीच्या खटल्यातल्या निकालात युरोपीय न्यायालयाने आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नाही असं सांगितलं. कुकी किती काळ राहते आणि ती आणखी कोणाला वाचता येते, हेही वाचकाला सांगायला हवं, असंही त्यातच आहे. म्हणजे 'आम्ही कुकी वापरतो' एवढ्यावर बोळवण होत नाही. 'मान्य' दाबल्यावरच दोन्ही स्क्रिप्ट लोड होतील असं करा, आणि दिलेली संमती नंतर तितक्याच सहज काढून घेता येईल अशी लिंक तळाशी ठेवा.

मुदतही खरी लिहा. जीए४ मध्ये (गूगल ॲनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत) वापरकर्त्यांच्या घडामोडींचा डेटा मुळात २ महिने राहतो, सेटिंग बदलून १४ करता येतो. जनरेटरकडून (पॉलिसी आपोआप बनवून देणाऱ्या साधनाकडून) पॉलिसी घेतलीत तर हे आकडे त्यात हमखास गुळमुळीत असतात. सांगाडा म्हणून ती ठीक, पण तुमच्या संकेतस्थळावर काय चालू आहे हे जनरेटरला कुठून कळणार?

माझं मत विचाराल तर क्लॅरिटी काढूनच टाका. लेखांच्या संकेतस्थळाला वाचकाच्या माउसची हालचाल रेकॉर्ड करून काय मिळणार? (कायदेशीर सल्ला नव्हे, स्वानुभव.)

धागाकर्ता

दोघांचेही आभार. 'धन्यवाद' पान तपासलं, पत्त्यात ईमेल नाही. हुश्श. क्लॅरिटी काढतो. मसुदा असा केलाय: 'कोणते लेख वाचले जातात हे समजण्यासाठी आम्ही गूगल ॲनालिटिक्स वापरतो. तुम्ही संमती दिलीत तरच ते तुमच्या ब्राउझरमध्ये कुकी ठेवते. ही कुकी दोन वर्षं राहते. तुम्ही पाहिलेली पानं, ब्राउझरचा प्रकार आणि अंदाजे ठिकाण यांची माहिती गूगलकडे जाते. आमच्या खात्यात हा डेटा २ महिने राहतो. संमती कधीही मागे घेता येईल.' काही राहिलं का?

प्रतिसाद: आगंतुक

चांगलं जमलंय. संकेतस्थळ कोण चालवतं आणि संपर्क कुठे करायचा हे वर घाला, पॉलिसी शेवटची कधी बदलली ती तारीख खाली. नोंदणीच्या ईमेलमध्ये 'किती जणांनी उघडला' हा आकडा दिसतो का?

धागाकर्ता

दिसतो की. का?

प्रतिसाद: आगंतुक

तो बहुधा ईमेलमध्ये दडवलेल्या एका पिक्सेलच्या चित्रावरून मोजतात. तोही ट्रॅकरच, आणि तिथे तर वाचकाचा ईमेल तुमच्याकडे असतो. पाठवणाऱ्या सेवेच्या सेटिंगमध्ये बंद करता येतो का बघा, नाहीतर पॉलिसीत आणखी एक परिच्छेद वाढवा.