मदत हवी आहे: पिंजऱ्यातला प्राणी थंड पडला आहे, नात शाळेतून येण्यापूर्वी उत्तर हवे

लष्कर_ग्वाल्हेर (सकाळी 10.10)
माझ्या नातीने पाळलेला छोटा प्राणी आज सकाळपासून हलत नाही. हात लावला तर गार लागतो आणि अंगाची गुंडाळी करून एका कोपऱ्यात पडला आहे. काल रात्री आठ वाजता तो दाणे खात होता, हे मी स्वतः पाहिले आहे. मुलगा आणि सूनबाई कामावर गेले आहेत, नात तीन वाजता घरी येईल, आणि त्याआधी मला ठरवायचे आहे की त्याला अंगणातल्या पेरूखाली पुरावे, की अजून काही करण्यासारखे आहे. अनुभव असणाऱ्यांनी कृपया थेट उत्तर द्यावे. पाळण्याविषयीची सर्वसाधारण माहिती मला आत्ता नको आहे.

प्राणीवेडी_पुणे (10.19)
काका, प्राणी कोणता आहे ते आपण लिहिलेच नाही. ससा, गिनीपिग, हॅमस्टर आणि पांढरा उंदीर या चौघांचे उत्तर चार प्रकारचे असेल. त्याचे वय किती, पिंजरा कुठे ठेवता आणि काल पाणी प्यायला होता का, हेही सांगा.

लष्कर_ग्वाल्हेर (10.27)
प्राणी घरातला आहे, रंग शेंगदाण्याच्या टरफलासारखा आहे, पोट पांढरे आहे आणि शेपटी जवळजवळ नाहीच. नात त्याला लाडू म्हणते. दिलेले दाणे तो खाण्याऐवजी आधी दोन्ही गालांत भरून घेतो. वय दुकानदाराने सांगितले नाही. वेळ जात आहे, म्हणून पुन्हा विचारतो, तो गेला आहे की नाही हे कसे ओळखावे?

महूचा_पशुवैद्य (10.34)
गालांत दाणे साठवतो म्हणजे हा हॅमस्टर आहे, आणि वर्णनावरून सोनेरी जातीचा वाटतो. कृपया त्याला पुरू नका. थंडी वाढली, दिवस लहान झाला आणि खाणे कमी पडले की हा प्राणी शरीराचा सगळा कारभार मंदावून टाकतो. एरवी मिनिटाला काहीशे ठोके देणारे हृदय अगदी मोजक्या ठोक्यांवर येते आणि श्वास इतका विरळ होतो की घरच्यांना तो मेल्यासारखाच वाटतो. एक छोटा आरसा नाकाजवळ धरून पूर्ण तीन मिनिटे थांबा, घड्याळ लावून थांबा. मिशांकडे लक्ष ठेवा. मागचा पाय हलकेच ओढून सोडा. जिवंत असेल तर तो सावकाश पुन्हा पोटाशी घेतला जाईल. कान आणि नाक फिकट गुलाबी आहेत की करडे झाले आहेत, तेही पाहा. आणि पिंजरा कुठे आहे, हे अजून आपण सांगितलेले नाही.

लष्कर_ग्वाल्हेर (10.52)
पिंजरा मागच्या ओसरीत बाकावर असतो, कारण आत ठेवला की वास येतो अशी तक्रार होती. रात्री मी त्यावर चादर टाकतो. ओसरीला जाळी आहे, भिंत नाही. आजच्या वर्तमानपत्रात रात्रीचे तापमान 5 अंश दिले आहे.
नातीच्या कंपासपेटीतला आरसा धरला. पहिली दोन मिनिटे काहीच दिसले नाही. मी हात खाली घेणार इतक्यात काचेवर मोहरीएवढा धुकट ठिपका उमटला आणि पाहता पाहता विरला. पाय ओढला तो लगेच हलला नाही, पण थोड्या वेळाने पाहिले तेव्हा पुन्हा पोटाशी होता. नाक गुलाबी आहे. आता काय करू?

निसर्गमित्र_ठाणे (10.58)
मग चिंतेचे कारण नाही. ही शीतनिद्रा आहे, निसर्गाने दिलेली सोय आहे. मला वाटते, त्याला मुळीच हलवू नये, ऊन वाढले की तो आपोआप उठेल.

महूचा_पशुवैद्य (11.03)
मी याच्याशी पूर्णपणे असहमत आहे. रानातला हॅमस्टर शीतनिद्रेआधी कित्येक आठवडे तयारी करतो, जमिनीखाली खोल बिळात धान्य साठवतो आणि त्या बिळात तापमान फारसे घसरत नाही. उघड्या ओसरीत, तारेच्या पिंजऱ्यात, एका रात्रीत गारठलेल्या जिवाला ती सोय मिळालेली नसते. त्याच्या शरीरातली साखर आणि पाणी संपत जाते आणि अनेकदा तो त्यातून उठतच नाही. त्याला आत आणा आणि सावकाश ऊब द्या.

कोकणस्थ_इंदूर (11.06)
आमच्याकडे थंडीत पाखरू गारठले की शेगडीजवळ ठेवत असत. कोळशाची शेगडी पेटवून खोली बंद करा, अर्ध्या तासात तो चालू लागेल.

महूचा_पशुवैद्य (11.09)
कृपया असे करू नका. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि तो आजोबांनाही तितकाच घातक आहे. शिवाय निपचित प्राण्याला चटका बसू लागला तरी बाजूला सरकता येत नाही, म्हणून रूम हीटरही थेट त्याच्या अंगावर नको.
असे करा. त्याला आतल्या खोलीत न्या. बाटलीत कोमट पाणी भरा, हाताला सहज सोसेल इतकेच. ती जाड टॉवेलमध्ये गुंडाळून एका खोक्यात एका बाजूला ठेवा आणि लाडूला तिच्याजवळ, पण तिच्यावर नाही, अशा बेताने ठेवा. दर अर्ध्या तासाने पाणी बदला. दोन-तीन तास लागू शकतात. तोवर तोंडात काहीही घालू नका, कारण गिळण्याची शक्ती नसताना दिलेले पाणी फुफ्फुसात जाते.

प्राणीवेडी_पुणे (11.20)
काका, पिंजऱ्यात खाली काय पसरले आहे? कापूस असेल तर आधी काढा. त्याचे तंतू पायाला वेटोळे घालतात आणि रक्तपुरवठा तुटतो. माझ्या हॅमस्टरचे एक बोट त्यामुळे काळे पडले होते. वास येणाऱ्या देवदार वा पाइनचा भुसाही नको. साध्या, सुगंध नसलेल्या टिश्यू कागदाच्या पट्ट्या चांगल्या.

लष्कर_ग्वाल्हेर (11.41)
कापूसच होता, थंडी म्हणून मीच घातला होता. काढला. लाडू आता माझ्या खोलीत, बुटांच्या खोक्यात आहे. आरशावर आता मिनिटाला दोनदा ठिपका येतो.

रावपुरा_बडोदे (11.50)
आजोबा, माझा सल्ला असा की, हा वाचला तर उत्तमच, पण पुढच्या वेळी गिनीपिग घ्यावा. आमच्या घरी सहा वर्षांपासून दोन आहेत. ते दिवसा जागे असतात, मुलांच्या मांडीवर बसतात, कोथिंबिरीच्या जुडीचा कागद वाजला तरी शीळ घालतात. हॅमस्टर रात्री जागतो आणि दोन-अडीच वर्षांत जातो. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने त्याला दिवसा उठवले की तो चावतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

प्राणीवेडी_पुणे (11.58)
गिनीपिगचे कौतुक मान्य आहे, पण अर्धीच बाजू सांगू नये. माणसाप्रमाणेच त्याचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, त्यामुळे रोज ढोबळी मिरची किंवा कोथिंबीर द्यावी लागते, नाहीतर हिरड्या आणि सांधे सुजतात. चोवीस तास सुके गवत लागते. एकटा ठेवला तर झुरतो, म्हणजे दोन घ्यायचे. नर-मादी घेतले तर सुमारे दहा आठवड्यांत पिल्ले. आणि 27-28 अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो. ग्वाल्हेरच्या 45 अंशांच्या जूनमध्ये त्याला कुठे ठेवणार?

रावपुरा_बडोदे (12.04)
बडोद्यातही उन्हाळा कमी नसतो. आम्ही दुपारी कूलरच्या खोलीत ठेवतो, खाली संगमरवरी फरशीचा तुकडा आणि गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून देतो. ज्याला इतके करायचे नसेल त्याने गिनीपिगही घेऊ नये आणि हॅमस्टरही घेऊ नये, कारण उन्हाळा दोघांनाही सारखाच मारतो.

वाचनवेडा_नागपूर (12.15)
या निमित्ताने एक गोष्ट सांगावीशी वाटते. आज जगभर घराघरांत दिसणारे सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळेच 1930 मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ शेतातून खणून काढलेल्या एका मादीच्या पिल्लांचे वंशज मानले जातात. इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने ती जमवली आणि जेरुसलेमच्या विद्यापीठात त्यांची वीण वाढली.

निसर्गमित्र_ठाणे (12.21)
परदेशी प्राणी आणण्यापेक्षा आपली खार का पाळू नये?

महूचा_पशुवैद्य (12.26)
कारण खार हा वन्य प्राणी आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पिंजऱ्यात ठेवता येत नाही. कृपया धागा तिकडे नेऊ नये. आजोबा, लाडू कसा आहे?

लष्कर_ग्वाल्हेर (12.48)
त्याने डोळे उघडले आहेत. अंग थरथरते आहे. थरथर म्हणजे झटके आहेत का? घरात मुलांचे अमॉक्सिसिलिनचे औषध आहे, त्याचा एक थेंब द्यावा का? डिसेंबरमध्ये दुसऱ्याला जखम झाली होती तेव्हा दुकानदाराने हेच द्यायला सांगितले होते आणि मी दिले होते.

महूचा_पशुवैद्य (12.53)
थरथर चांगली आहे, शरीर स्वतः ऊब तयार करू लागले आहे. औषध मात्र अजिबात देऊ नका. पेनिसिलिन गटातली औषधे तोंडावाटे दिली तर हॅमस्टर आणि गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू वाढतात आणि काही दिवसांत जुलाब होऊन प्राणी दगावतो. आणि "दुसऱ्याला" म्हणजे काय? दोन होते?

लष्कर_ग्वाल्हेर (1.05)
हो, दोन होते. एकटा राहिला तर उदास होतो असे सांगून दुकानदाराने दोन दिले. महिनाभर बरे चालले, मग रात्री किंचाळण्याचे आवाज येऊ लागले. एके दिवशी दुसऱ्याच्या पाठीला मोठी जखम दिसली. औषध सुरू केल्यावर चौथ्या दिवशी तो गेला. नातीला आम्ही सांगितले की तो आजारी होता. हे प्रश्नाशी संबंधित आहे असे मला वाटले नव्हते.

प्राणीवेडी_पुणे (1.12)
काका, आपल्याला दुखवायचे नाही, पण हे सर्वांत आधी कळायला हवे होते. सोनेरी हॅमस्टर वयात आला की त्याला दुसरा हॅमस्टर आपल्या हद्दीत चालत नाही, सख्खा भाऊ असला तरीही नाही. एक पिंजरा, एक प्राणी. आपण जे केले ते ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्या सांगण्यावरून केले. 2018 च्या नियमांनुसार अशा दुकानांना नोंदणी करावी लागते, पण घेणाऱ्याने ती कधी विचारलेली मी तरी पाहिली नाही.

लष्कर_ग्वाल्हेर (1.40)
लाडू उठून बसला. वाटीच्या कडेवर त्याने पाणी चाटले, मग पुढचे दोन्ही पाय तोंडावरून फिरवून मिशा पुसल्या. चालताना अजून झोकांडी जाते.

महूचा_पशुवैद्य (1.46)
आता ओआरएसचे कोमट पाणी वाटीत ठेवा, शिजवलेल्या भाताची चार शिते आणि काकडीचा नखाएवढा काप ठेवा. जबरदस्ती नको. उद्या ग्वाल्हेरमध्ये पशुवैद्याला दाखवा आणि डिसेंबरचे औषधही सांगा. पिंजरा आजपासून कायम घरात, भिंतीकडेला, वारा येणाऱ्या दारापासून दूर ठेवा. खोली 18 ते 24 अंशांच्या दरम्यान राहावी. वासाचे कारण बहुधा मूत्राचा एकच कोपरा असतो. रोज तेवढाच कोपरा साफ केला आणि बाकीचे कागद एकदम बदलले नाहीत तर वास राहत नाही, आणि स्वतःच्या वासाची खूण राहिल्याने तोही घाबरत नाही. चाक आहे का, आणि किती मोठे?

लष्कर_ग्वाल्हेर (2.10)
आहे. पट्टीने मोजले, 12 सेंटिमीटर.

प्राणीवेडी_पुणे (2.14)
फार लहान आहे, त्यावर धावताना पाठ कमानीसारखी वाकते. किमान 20 सेंटिमीटरचे हवे, आणि सळ्यांचे नको, सलग पट्टीचे हवे. सळ्यांत पाय अडकून मोडतो.

लष्कर_ग्वाल्हेर (रात्री 10.35)
नात आली तेव्हा लाडू खोक्यात काकडी खात होता. सकाळी काय झाले ते मी तिला सगळे सांगितले, दुसऱ्याचेही खरे कारण सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही, मग दोघांसाठी एक पिंजरा आपणच आणला होता ना, असे तिने विचारले. मी हो म्हटले.
पिंजरा आता माझ्या खाटेशेजारी कपाटावर आहे. औषधाच्या दुकानातून भिंतीवरचे तापमापक आणले, आत्ता 19 अंश दाखवते आहे. सूनबाईंनी जुन्या वह्यांची कोरी पाने फाडून पट्ट्या करून दिल्या. नवे चाक रविवारी आणू, जुने काढून ठेवले आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केले, 104 ग्रॅम भरले. हे कमी आहे का?

महूचा_पशुवैद्य (10.50)
थोडे कमी आहे, पण आजच्या दिवसानंतर ठीक आहे. दर रविवारी एकाच वेळी तोला आणि वहीत लिहून ठेवा. पहाटे चार वाजता तापमापक एकदा पाहा, त्या वेळी खोली बरीच थंड झालेली असते.

लष्कर_ग्वाल्हेर (पहाटे 4.20)
17 अंश. दाराच्या फटीत चादर लावली. तो जागा आहे, कागदाच्या पट्ट्या गालांत भरून कोपऱ्यात नेतो आहे.