मदत हवी आहे: झाडं करपली, कोणतं औषध मारू? (तातडीचे)

सान्वीचा_बाबा: अंगणातली झाडं बघता बघता तपकिरी झालीत. फांदीला हात लावला की जाळं चिकटतं, आत काळपट अळ्या. धाग्याला लोंबत खाली येतात, काल एक चहात पडली. घरमालकीणबाई म्हणतात, काही करू नकोस. किती वाट बघायची? पटकन सांगा.

निंबोणी: कडुलिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारा. माझी जास्वंद त्यावरच वाचली.

कोकण्या: जास्वंदीवर मिलीबग असेल, इथे अळी आहे. आधी झाड कोणतं, गाव कोणतं ते तर विचारा!

सान्वीचा_बाबा: सूचिपर्णी आहे. स्वित्झर्लंड.

कोकण्या: हे पहिल्याच ओळीत सांगायला काय झालं होतं? उंची किती? हिवाळ्यात सुया झडतात?

सान्वीचा_बाबा: सेंट मॉरिट्झजवळ, १८०० मीटर. हो, झडतात.

पतंगवेडा: मग लार्च. आणि अळी बहुतेक लार्च बडमॉथ या पतंगाची, शास्त्रीय नाव झायराफेरा ग्रिसियाना. तुमचं एंगाडीन खोरं तिच्यासाठीच प्रसिद्ध आहे. साधारण आठ-नऊ वर्षांनी अख्खे उतार तपकिरी होतात. सुयांचा झुबका रेशमाने बांधून आत बसून खाते, अर्धवट कुरतडलेल्या सुया वाळतात, म्हणून हा रंग. आता उतरताहेत त्या पालापाचोळ्यात कोष करायला. ऑगस्टपर्यंत झाड पुन्हा फुटेल. पुढच्या वर्षीच्या सुया आखूड, चिवट, प्रथिनं कमी. अळ्या उपाशी मरतात. औषध नको.

रिंगमास्तर: तापमानवाढीने ते चक्र १९८१नंतर थांबलं ना? २००७च्या शोधनिबंधात खोडातल्या वाढकड्यांवरून त्या चक्राचा १२०० वर्षांचा हिशोब मांडलाय.

पतंगवेडा: जोर ओसरला होता, पतंग गेला नव्हता. २०१८ला तेच उतार पुन्हा तपकिरी झाले.

चांदाकर: आमच्याकडे सागाचंही हेच. पावसाळा सरता सरता पानांची नुसती जाळी उरते, झाड मरत नाही. मालकीणबाईंचं ऐका.

प्रवासी_पक्षी: अवांतर: बर्निना एक्सप्रेसला आरक्षण लागतं का? सासूबाई सोबत आहेत.

कोकण्या: लागतं. त्याच रुळांवरच्या साध्या गाडीला नाही. वेगळा धागा काढा.

सान्वीचा_बाबा: बरं, पण शेजारच्या सदाहरित झाडावरही अळ्या दिसताहेत. त्याचं काय?

पतंगवेडा: एका झुबक्यात पाच सुया असतील तर अरोला पाइन. लार्चवरचं संपलं की अळ्या तिकडे उतरतात. शिवाय याच पतंगाचा एक प्रकार पाइनवरच वाढतो, त्याच्या अळ्या फिकट असतात. जवळून फोटो टाका.

निंबोणी: पाइनवर तरी कडुलिंब मारून बघा की.