नागपूर, चेन्नई की गुवाहाटी? कोल्हापूरच्या माणसाला कुठली हवा मानवेल?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. बदलीसाठी तीन गावं पसंतीक्रमानं लिहून द्यायची आहेत, शुक्रवारपर्यंत. नागपूर, चेन्नई, गुवाहाटी. काम तिन्हीकडं तेच, पगारही तोच, म्हणून मी हवेवरच ठरवतो म्हणालो. (मी बाई आहे. कोल्हापुरात आम्ही असंच बोलतो, परगावच्यांनी गोंधळू नये.)

आई सोबत येणार. वय ६६. माहेर शुक्रवार पेठ, सासरही शुक्रवार पेठ. लांबात लांब गेली ती पंढरपूरला आणि तिथल्या उन्हालाच तिनं हात जोडले होते. आज दुपारी मोबाइलवर बघितलं: कोल्हापूर ३७, नागपूर ४५, चेन्नई ३८, गुवाहाटी ३१. म्हटलं झालं, गुवाहाटी पहिलं, नागपूर शेवटी. पण हापिसातले एक जण "आकड्यावर जाऊ नका" एवढंच बोलून चहाला गेले, ते आलेच नाहीत.

आईची अट वेगळीच आहे. परवा संध्याकाळी वळवानं गच्चीवरचे सांडगे भिजवले, दोन दिवसांचे कष्ट पाण्यात. ती म्हणते, कुठंही ने, वाळवण वाळलं पाहिजे. यातल्या कुठल्या गावात कुणी राहिलंय का?

बावडेकर

गगनबावडा यादीत नाही होय? मे महिन्यातही रात्री गोधडी लागते. आता जूननंतर तेवढं विचारू नका. चुलीच्या वर बांबू टांगून कपडे वाळवतो आम्ही, पोरं शाळेत जातात ती धुराच्या वासासकट. सांडग्यांचं काही खरं नाही.

दहाचाकी

ताई, बावीस वर्षं गाडी चालवली मी. आता गुडघ्यानं खाली उतरवलंय. माल दोनच. हंगामात मार्केट यार्डातनं गूळ, एरवी शिरोलीच्या एमआयडीसीतनं कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग. तुमच्या मोबाइलपेक्षा ह्या दोन मालांवर माझा इस्वास जास्त. गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि कास्टिंगवर त्याच पाण्यानं गंज चढतो. हवा कोरडी का ओली, हे माझ्या आधी त्यांना कळायचं.

गुजरातला गूळ घेऊन जाताना पुणं सुटेपर्यंत रवा, म्हणजे गुळाची ढेप, खडखडीत. बोरघाट उतरून पनवेल आलं की ताडपत्रीखाली हात घालायचा, बारदान दमट लागायचं. तिथनं वसईची खाडी, वापी, पार सुरतेपर्यंत तेच. एका मे अखेरीला घाटाखाली माझा गिअरबॉक्स गेला. गाडी तीन दिवस उभी. रव्यांना पाणी सुटलं, फाळक्याच्या फटीतनं काळा पाक रस्त्यावर ठिबकायला लागला, मुंग्यांची रांग टायरवरनं वर. व्यापाऱ्यानं भाडं कापलं ते कापलंच, वर चार शब्द सुनावले. तापमान किती हुतं म्हणता? ३४. आणि असाच गूळ ४४ मध्ये तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरला नेला. वरनं जरा मऊ पडला, बाकी जसा भरला तसा उतरवला.

माणसाचं पण तेच. नागपूरला घाम येतो, पण दिसत न्हाई. अंगावरच वाळून जातो, संध्याकाळी बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे. म्हणून नवा माणूस फसतो, घाम न्हाई म्हणून पाणी पीत न्हाई आणि चक्कर येऊन पडतो. चेन्नईला घाम येतो आणि मुक्कामालाच राहतो. त्या रस्त्याला बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, इथवर हवा आपल्या मावशीच्या घरची. बंगळूर नऊशे मीटर उंचीवर. कृष्णगिरीकडं उतरायला लागलं की भट्टीचं दार उघडल्यागत. वेल्लोर तर विचारू नका. चेन्नईत दुपारी समुद्राचा वारा सुटला तर बरं, तो उशिरा आला त्या दिवशी हाल. मी रात्री दोन वाजता गाडीच्या टपावर झोपून बघितलंय, तिथं पण लुंगी चिकटते. कास्टिंगला गंजरोधक तेल लावून नेलं, तरी कडा तांबूस.

गुवाहाटीला दोनदाच गेलो. ३१ बघून भुलू नका, ती ढगाखालची ३१ आहे. एप्रिलात गेलो तेव्हा रात्री वादळ, पत्रे उडत्यात का काय असं. तिथं त्याला बर्दोईसिला म्हणतात. आपल्या वळवाची थोरली बहीणच म्हणा. आणि पाऊस एप्रिलपास्नं जो लागतो तो सप्टेंबर सरेपर्यंत. माझ्या डब्यातलं मीठ पाणी झालं. गाव देखणं, ब्रह्मपुत्रा बघून आपली पंचगंगा ओढा वाटायला लागते, पण सांडगे? न्हाई.

आणखी एक. आपल्याकडं मे महिन्यात सुद्धा पाचच्या पुढं पश्चिमेचा वारा घाट चढून येतो. रंकाळ्यावर माणसं भेळ खायला जात न्हाईत, त्या वाऱ्याला जात्यात, भेळ आपली निमित्ताला. तुम्ही दुपारचा आकडा बघताय. आईंना विचारा, त्या दुपारी कुठं असत्यात? घरात. मग बघायचं ते दिवेलागणीनंतर काय होतंय ते. आपला तो वारा तिन्ही गावांत मिळणार न्हाई, हे आधीच सांगतो.

माहेर करवीर

काकांनी नागपूरला फारच चांगलं प्रमाणपत्र दिलं! मी अकरा वर्षं इथं आहे. पहिल्या वर्षी सासरी "मी जातो" म्हणाले तर सगळे वळून बघायला लागले, ते असो.

पंचगंगाकाठ, रात्रीचं मी सांगते. मे महिन्यात इथं रात्रीही भिंती गरम लागतात. दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर लांब, वारा येणार कुठून? २५ मेपासून नवतपा, नऊ दिवस दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पण कूलर नावाची वस्तू कोल्हापुरात कुणाला खरी कळलेलीच नाही. इथं दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळं पाणी झपाट्यानं उडतं आणि खोली खरंच गार होते. वाळ्याच्या ताट्या असतील तर सुवास वेगळाच. मी तोच कूलर भावाकडं रत्नागिरीला नेला होता, मोठ्या कौतुकानं. हवेत आधीच एवढं पाणी की खोलीचा नुसता हमाम झाला. वहिनी अजून त्यावरून बोलते. चेन्नईतही तेच होणार, तिथं एसीचं बिल धरून चला.

बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा, पन्हं, आणि सासूबाई अजून पर्समध्ये कांदा टाकतात. कांद्यानं ऊन लागत नाही यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण मी काढूनही टाकत नाही.

पावसाची गंमत अशी, की नागपूर आणि कोल्हापूर शहर दोन्हीकडं वर्षाला साधारण हजार मिलिमीटर. पण आपल्याकडं रिपरिप, आठ-आठ दिवस सूर्य नाही, भिंतींना ओल, चपलांना बुरशी. इथं बंगालच्या उपसागराकडून येतो, कडकडाट करत दोन तास झोडपतो आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. मधल्या उघडिपीतला उकाडा मात्र वाईट. थंडी तुमच्या आईंना जड जाईल. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, कोल्हापूरसारखी एका शालीची थंडी नाही ही.

शिरोळचा मास्तर

देशभर फिरायची गरज नाही, आपला जिल्हाच बघा. बावडेकरांच्या गावी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्या शिरोळात पाचशेच्या आसपास. अंतर शंभर किलोमीटरही नाही. ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात, आमच्यापर्यंत येतो तो उरलासुरला. आणि तरी २०१९ ला आणि २०२१ ला पूर आमच्या दारात, कारण घाटमाथ्यावर पडलेलं सगळं पाणी नृसिंहवाडीच्या संगमावर येतं. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट झाली की इशारा, ४३ ला धोका. आमच्याकडं आभाळाकडं कुणी बघत नाही, लोक त्या फुटांच्या आकड्याकडं बघतात.

गुवाहाटीबद्दल एक राहिलं. देशाचं घड्याळ एक, पण गुवाहाटी आपल्यापेक्षा १७ अंश पूर्वेला. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा तासाहून अधिक लवकर. त्यात ते गाव उत्तरेला, म्हणून जूनमध्ये साडेचारलाच उजाडतं आणि डिसेंबरात साडेचारला अंधारून येतं. तुम्ही हापिसातून बाहेर पडाल तेव्हा रात्र झालेली असेल.

पंचगंगाकाठ

बाप रे. साडेचारला अंधार म्हटल्यावर आईनं गुवाहाटी स्वतःच खोडलं. "दिवा लावायच्या वेळेला तू घरात नसणार व्हय?" म्हणाली.

चेन्नईचं एक विचारतो. तिथं जून-जुलैत तरी पाऊस येऊन गार होत असेल ना?

दहाचाकी

तिथलं उलटं हाय ताई. आपल्याकडं मृग लागतो, तरणा-म्हातारा पाऊस बरसतो, तेव्हा तिथं संध्याकाळची एखादी सर, बाकी ऊनच. त्यांचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. आपण दिवाळीला अभ्यंगस्नान करताना तिथं रस्त्यावर गुडघाभर पाणी. मी एकदा दिवाळीच्या तोंडावर माल घेऊन अडकलो हुतो, फटाके भिजलेले आणि पोरं रडवेली.

शिरोळचा मास्तर

बरोबर. तो ईशान्य मोसमी वारा. नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीच्या अलीकडंच मोकळे होतात, चेन्नई तेव्हा डोंगराच्या आडोशाला, आमच्या शिरोळसारखीच. ऑक्टोबरात वारा फिरतो आणि बंगालच्या उपसागरावरून पाणी घेऊन येतो. २०१५ च्या डिसेंबरात शहर बुडालं ते त्याच हंगामात.

पंचगंगाकाठ

लिहून दिलं. नागपूर पहिलं, चेन्नई दुसरं, गुवाहाटी तिसरं. घर बघताना वरचा मजला नको, हे माहेर करवीर यांनी वेगळं कळवलंय, आभार. आईला अजून भरवसा नाही. विचारते, नागपूरच्या उन्हात सांडगे किती दिवसांत वाळतील?

माहेर करवीर

दिवस कशाला? सकाळी घालायचे आणि संध्याकाळी उलटे करायचे, बस. दुसऱ्या दिवशी डब्यात. फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये घालू नका म्हणावं, तेव्हा इथं गारा पडतात.

बावडेकर

काकू, डबा भरला की एक इकडं पाठवा. आमच्याकडं तळायला हवा लागत नाही.