तुकाराम ओंबळे यांना परमवीरचक्र का नाही?

प्रश्न (इतिहास शिक्षिका, सातारा)
नमस्कार. नववीच्या वर्गात शौर्यपदकांविषयी बोलताना एका विद्यार्थ्याने विचारले, की आपल्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हातात केवळ लाठी असताना कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली आणि प्राण दिले, तर त्यांना परमवीरचक्राऐवजी अशोकचक्र का मिळाले? परमवीरचक्र म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसचाच नवा अवतार, असेही दुसरा एक जण म्हणाला. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

निवृत्त सुभेदार, अपशिंगे
मॅडम, आधी दुसऱ्या मुद्द्याविषयी. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ साली सुरू झाला, पण हिंदी सैनिकांना तो १९११ पर्यंत मिळूच शकत नव्हता. पुढे दुसऱ्या महायुद्धात यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन जवानांनी इटलीत तो मिळवला. स्वतंत्र भारताला मात्र ब्रिटिश राजमुकुटाच्या नावाचे पदक चालण्यासारखे नव्हते. परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरले गेले. ही मागची तारीख फार महत्त्वाची आहे, कारण ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा तिच्यामुळेच पहिले मानकरी ठरू शकले.

पदकाचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकर यांचे. त्या जन्माने युरोपीय, मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्या पत्नी आणि आपल्या पुराणांच्या व्यासंगी अभ्यासक. राजमुद्रेभोवती त्यांनी इंद्राची चार वज्रे बसवली. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांतून वज्र घडले, ही कथा ज्याला ठाऊक आहे त्याला या निवडीचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही.

एक वाचक, कराड
ओंबळे यांच्या वेळी युद्ध पुकारलेले नव्हते, हेच कारण असावे. परमवीरचक्र युद्धकाळातच मिळते.

स्पर्धा परीक्षा मार्गदर्शक, सांगली
हे कारण टिकत नाही. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना १९६१ साली काँगोमधील संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील कामगिरीसाठी, तर मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ साली श्रीलंकेतील शांतिसेनेतील कामगिरीसाठी ते मरणोत्तर मिळाले. त्याच वर्षी सियाचिनमध्ये पराक्रम गाजवणारे बाणासिंग यांनाही ते मिळाले. यांपैकी कोठेही भारताने युद्ध जाहीर केलेले नव्हते. खरी अट आहे ती शत्रूसमोर केलेल्या असामान्य शौर्याची, आणि हे पदक आहे सशस्त्र दलांचे. नागरिकांना ते मिळू शकते, पण सैन्याच्या आदेशाखाली काम करीत असतील तरच. शत्रूशी प्रत्यक्ष सामना नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी १९५२ पासून वेगळी मालिका आहे. तिच्यात अशोकचक्र सर्वोच्च आहे आणि ते पोलिसांना व सामान्य नागरिकांनाही दिले जाते. मुंबई पोलीस दलातील सहायक उपनिरीक्षक असलेल्या ओंबळे यांना ते २००९ च्या प्रजासत्ताकदिनी मरणोत्तर दिले गेले.

इतिहास शिक्षिका, सातारा
आभारी आहे. म्हणजे ओंबळे यांना खालच्या दर्जाचे पदक दिले, असा अर्थ होत नाही ना? मुले हेच विचारणार.

निवृत्त सुभेदार, अपशिंगे
मुळीच होत नाही. पदके लावण्याच्या अधिकृत क्रमात भारतरत्न, मग परमवीरचक्र आणि त्याच्या लगेच नंतर अशोकचक्र येते; पद्मविभूषण आणि महावीरचक्र ही दोन्ही त्यानंतरची. वर्गात हा क्रमच फळ्यावर लिहून दाखवा.