बाको एका दिवसात: आधी ओहोटी बघा

बाको हे मलेशियाच्या सारावाक राज्यातलं राष्ट्रीय उद्यान. जवळच्या कुचिंग शहरातून सकाळी जाऊन संध्याकाळी परत, त्यात उद्यानातली लिंतांग ही गोल पायवाट पूर्ण करणं जमेल का, असा प्रश्न आहे. जमते, पण आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. उद्यानात बोटीनेच जातात, आणि ओहोटीला पाणी उतरलं की बोट धक्क्याला लागत नाही. परतीची वेळ नावाड्याशी सकाळीच पक्की करा.

फेरी साधारण ६ किमी, झाडांवर लाल रंगाच्या खुणा. सुरुवातीचा चढ मुळांवरून. पावसात ती भयंकर निसरडी होतात. खरा दम मात्र वरच्या पठारावर निघतो: खुरटी झाडी, सावली नावालाच. घटपर्णी (कीटक खाणाऱ्या वनस्पती) तिथेच दिसतात म्हणा. माणशी दोन लिटर पाणी हवंच. उशीर झाला तर त्याऐवजी तेलोक पांदान केचिल या किनाऱ्याची छोटी वाटच बरी. समुद्रात उतरू नका, मगरी आहेत. आणि खाऊ बॅगेत. माकडं हातातून पळवतात.